हे चित्र कशाचे?

चित्रप्रदर्शनाला गेलेला माणूस, मग तो शहरातला असो की खेड्यातला, पहिल्या पाच मिनिटांत शेजाऱ्याला एक प्रश्न हमखास विचारतो: ‘हे चित्र कशाचे आहे हो?’ शेजाऱ्यालाही ते ठाऊक नसते. पण ठाऊक नाही असे म्हणायची लाज वाटते, म्हणून ‘मॉडर्न आर्ट आहे’ एवढे सांगून तो पुढे सरकतो. मग आपण भिंतीवरच्या चिठ्ठीकडे वळतो. चिठ्ठीवर लिहिलेले असते, ‘शीर्षक नाही.’ झाले! पुरातून वाचायला हात पुढे करावा आणि काठावरच्याने आपला हात मागे घ्यावा, तशी आपली गत होते.

वाचकहो, मीही याच पंथातला. माझे गाव वडनेर भोलजी, तालुका नांदुरा, जिल्हा बुलढाणा. मुंबईहून नागपूर-कलकत्त्याकडे जाणारा हमरस्ता आमच्या गावावरून जातो. दिवसरात्र मालमोटारी जातात, हंगामात कापूस जातो. चित्रे मात्र आमच्याकडे उतरत नाहीत. प्रदर्शन पाहायचे तर मलकापूर नाहीतर नांदुऱ्याला रात्रीची आगगाडी धरायची आणि सकाळी मुंबईला उतरायचे. निव्वळ चित्रे पाहायला एवढा खर्च कोण करतो? मीही कधी केला नाही. पण कधी दवाखाना, कधी लग्नकार्य, कधी पेन्शनचे कागद, अशा निमित्तांनी मुंबईला जाणे होत गेले आणि त्या फेऱ्यांत चोरून वेळ काढून मी चित्रे पाहत आलो. मी कलेचा जाणकार नव्हे, शाळामास्तर होतो. तेव्हा इथे जे सांगतो आहे ते एका मास्तराला उशिरा उमगलेले आहे, एवढे धरून चालावे.

पहिल्यांदा गेलो तो चित्रांसाठी गेलोच नव्हतो. पाऊस लागला होता. काळा घोडा भागात जहांगीर आर्ट गॅलरीची पुढे आलेली पन्हळीसारखी कमान दिसली, तिच्याखाली उभा राहिलो. ही गॅलरी १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिली. त्यांच्या दिवंगत मुलाचे नाव तिला दिलेले आहे. आत जायला तिकीट नाही. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात कोणीही जावे. पण तिकीट नसले तरी संकोच असतोच. पायांत चिखलाच्या वहाणा, हातात पिशवी आणि आत ती गुळगुळीत फरशी! मी दारातच घुटमळलो. दारावरच्या रखवालदाराने ते पाहिले असावे. तो म्हणाला, ‘‘जा ना काका आत. पाऊस काही इतक्यात थांबत नाही.’’

आत मोठमोठी चित्रे होती. रंगांचे पट्टे, ओरखडे, डाग. मी सगळे दालन तीन मिनिटांत संपवले. मनात दोन भित्या होत्या. एक, आपण अडाणी ठरू ही. आणि दुसरी, आपल्याला कोणी बनवीत तर नाही ना, ही. आजही नव्या चित्रांपुढे उभ्या राहिलेल्या बहुतेक माणसांच्या मनात याच दोन भित्या असतात, असे मला वाटते. या भित्या गेल्याशिवाय डोळे उघडत नाहीत. आणि त्या घालवायच्या तर ‘कशाचे?’ हा प्रश्न आला कोठून, ते आधी पाहायला हवे.

हुबेहूब दिसणे म्हणजे चित्र, अशी आपली समजूत असते. ती काही चुकीची नाही. पूर्वी माणसाचा चेहरा पुढच्या पिढीसाठी राखून ठेवायचा तर चित्रकाराशिवाय दुसरा उपायच नव्हता. मग १८३९ साली फोटोग्राफीचा शोध जाहीर झाला आणि चेहरा टिपण्याचे काम यंत्राने उचलले. गंमत पाहा, नव्या वळणाच्या चित्रकारांनी १८७४ साली पॅरिसमध्ये आपले पहिले प्रदर्शन मांडले, ते एका फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत! चित्रकारांचे एक काम गेले, पण त्यांचे हात मोकळे झाले. दिसते ते टिपायचे काम यंत्र करीत असेल, तर जे दिसत नाही पण जाणवते, त्याचे काय, असे ते विचारू लागले. उन्हाची तिरीप, भीती, शांतता, वेग, यांना चेहरा कोठे असतो? या वाटेने जाता जाता विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कांदिन्स्की आणि मालेविच यांच्यासारखे रशियन चित्रकार अशा ठिकाणी पोचले, की चित्रात ओळखीची वस्तूच उरली नाही.

हे सारे परक्यांचे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. मीही म्हणत असे. पण १९४७ साली मुंबईत सहा तरुणांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन केला, ते कोण होते पाहा. सूझा गोव्याच्या साळगावचे. हुसेन पंढरपूरला जन्मलेले, सिनेमाचे फलक रंगवून पोट भरणारे. आरा तर एके काळी मोटारी धुण्याचे काम करीत. रझा मंडला जिल्ह्यातले, पण चित्रकला शिकले ती आपल्या नागपूरला. गाडे तर आपल्या वऱ्हाडातले, अमरावती जिल्ह्यातले. सहावे बाकरे, ते शिल्पकार. पुढे या मंडळींच्या सहवासात आलेले वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपूरला झाला. म्हणजे ज्याला आपण ‘मुंबईचे, विलायतेचे फॅड’ म्हणून हसतो, त्याच्या मुळाशी आपल्याच उन्हात वाढलेली माणसे आहेत.

आता घराजवळचे एक उदाहरण घेऊ. आमच्या गावाहून नांदुऱ्याकडे निघाले की हमरस्त्यालगत मारुतीची एकशेपाच फूट उंच मूर्ती दिसते. डोळे, गदा, मुकुट, सारे काही जिथल्या तिथे. जाणारे-येणारे गाडी थांबवून हात जोडतात. आणि त्याच माणसाच्या वावराच्या धुऱ्यावर एक शेंदूर लावलेला धोंडा असतो. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, हात नाहीत. पेरणीच्या आधी त्याच्यापुढे नारळ फुटतो. आजवर एकाही शेतकऱ्याने ‘हा दगड कशाचा?’ असे विचारल्याचे मी ऐकलेले नाही. आकार नसलेल्यापुढे उभे राहायला आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही, ते आपल्याला येतेच. वावरात येते ते गॅलरीत येत नाही, कारण तिथे आपण डोळे दाराशी ठेवतो आणि फक्त शाळेत शिकलेले शब्द आत नेतो.

हे मला कळले ते गायतोंड्यांच्या एका चित्रापुढे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०११ सालापासून जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचे दालन आहे. निकल्सन हे कापसाचे व्यापारी. १९६८ साली त्यांनी चित्रे विकत घ्यायला सुरुवात केली आणि पुढे सुमारे आठशे कलाकृती जमवल्या. कापूस म्हटले की वऱ्हाडी माणसाचे कान टवकारतात. खामगावच्या बाजाराचा कापूस मुंबईला जात आला आहे. तिथल्या एका कापूसवाल्याने कमाईतून चित्रे घेतली, एवढ्या नात्यावर मी त्या दालनात जरा ऐटीतच शिरलो म्हणा ना!

गायतोंड्यांचे चित्र म्हणजे पाहिले तर काहीच नाही. एकच रंग वरपासून खालपर्यंत, आणि त्यात अधूनमधून तरंगत असलेल्या, अर्धवट पुसलेल्या खुणा. ते रंग रोलरने आणि सुरीने थरावर थर चढवीत आणि खरवडीत. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी होत. आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेले त्यांना रुचत नसे. मी बाकावर बसलो, कारण पाय दुखत होते. दहा मिनिटे झाली असतील. हळूहळू एक रंग म्हणून पाहिले होते त्यात खोली दिसू लागली. पहाटे धुक्यात विहिरीत वाकून पाहावे, पाणी दिसू नये, पण पाणी आहे हे कळावे, तसे काहीसे. मी ‘हे विहिरीचे चित्र आहे’ असे म्हणत नाही बरे का! विहीर माझी, चित्र त्यांचे. पण चित्राने मला माझ्याच एका पहाटेपाशी नेऊन उभे केले आणि मला त्या वेळी कोणालाही काही विचारावेसे वाटले नाही.

त्या दिवसापासून मी प्रश्न बदलला. ‘चित्र कशाचे?’ असे न विचारता मी मनाशी म्हणू लागलो, ‘हा चित्रकार कोठे उभा राहून पाहतो आहे?’ एवढ्याशा बदलाने माझे काम फार सोपे झाले.

२०१९ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबईच्या इमारतीत प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. पूर्वीच्या कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ सालापासून हे संग्रहालय आहे. अर्धगोल मजल्यांवरून चढत जात चित्रे पाहायची. बरवे १९३६ ते १९९५ या काळातले, रायगड जिल्ह्यातल्या नागावचे. त्यांच्या चित्रांत वस्तू असतात आणि अगदी ओळखीच्या असतात: घड्याळ, पान, पीस, शिंपला. पण त्या एकमेकींपासून दूर, रिकाम्या जागेत ठेवलेल्या. पाहुणे गेल्यावर घर आवरून झाले की एखादी वाटी नुसतीच ओट्यावर राहून गेलेली दिसते आणि आपण तिच्याकडे उगाच पाहत राहतो, तसे मला तिथे झाले. मग प्रश्न विचारला: हा माणूस कोठे उभा आहे? तर वस्तूच्या अगदी जवळ, श्वास लागेल इतका जवळ. आणि तिला हात न लावता. बरव्यांनी १९९० साली ‘कोरा कॅनव्हास’ नावाचे मराठी पुस्तक लिहिले आहे. चित्रकार काय पाहतो हे मराठीतून समजून घ्यायचे असेल तर ते अवश्य मिळवावे.

इथपर्यंत निदान कापडावर रंग तरी होता. अलीकडच्या प्रदर्शनांत तोही नेमका असेलच असे नाही. अतुल दोडिया या मुंबईच्या चित्रकाराने दुकानांच्या लोखंडी शटरांवर चित्रे काढली आहेत. हमरस्त्यावरच्या माणसाला शटर काही नवीन नाही. सकाळी खडखडत वर आणि रात्री खाली. त्यांच्या २००२ सालच्या ‘महालक्ष्मी’ या कामात शटरवर कॅलेंडरातली असावी तशी देवी आहे. शटर वर गेले की आत दिसतात हुंड्याच्या घोराने गळफास घेतलेल्या तीन बहिणी. मला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगितला नाही आणि सांगायची गरजही पडली नाही. आपल्या दिवाणखान्यात काय टांगलेले असते आणि मागच्या खोलीत काय झाकलेले असते, हे लग्नाच्या वयाची मुलगी घरात असलेल्या बापाला सांगावे लागत नाही. इथे चित्रकार उंबऱ्यावर उभा आहे, एक डोळा बाहेर आणि एक आत.

आणि प्रभाकर पाचपुते. हे तर विदर्भाचे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे, १९८६ साली जन्मलेले. सास्ती म्हणजे कोळशाच्या खाणींचा मुलूख; घरची माणसे खाणीत राबलेली. हा मुलगा खैरागड आणि बडोदा इथे शिल्पकला शिकला आणि लाकडी कोळसा हातात घेऊन थेट भिंतीवर माणसे काढू लागला. खाणीतली माणसे, शेतातली माणसे. कोणाच्या धडावर डोक्याच्या जागी दिवा, कोणाच्या अंगातून अवजार उगवलेले. अशी भिंतीवरची चित्रे पुष्कळदा प्रदर्शन संपले की पुसली जातात. २०२२ साली इटलीतल्या व्हेनिसच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात त्यांचे काम मांडले गेले. ज्याने आयुष्य काळे केले त्याच काळ्याने तो आयुष्य रेखतो. तो कोठे उभा आहे हे विचारावेच लागत नाही. तो जमिनीच्या खाली उभा आहे आणि तेथून वर पाहतो आहे.

त्यांचे काम मी मुंबईत एका दालनात पाहिले. त्या काळ्याभोर भिंतीपुढे उभा असताना मला एकदम घाम फुटला. कारण मला एक कागद आठवला. वाचकहो, ती गोष्ट सांगितल्यावाचून हे बोलणे पुरे व्हायचे नाही.

मी शिकवीत होतो त्या शाळेत एकदा चित्रकलेच्या तासाला ‘आमचे शेत’ हा विषय दिला. चाळीस मुलांनी चाळीस कागद आणून दिले. एकोणचाळीस कागदांवर तेच: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळत येणारी नदी, काठी नारळाचे झाड, उतरत्या छपराची झोपडी. आता पूर्णेच्या खोऱ्यातल्या आमच्या सपाट मुलखात, सांगा बरे, शेताला टेकून डोंगर कोठले आणि नारळ कोठले? पण सगळ्यांना चांगले मार्क मिळाले. चाळिसावा कागद एका मुलीचा होता. तिने सबंध कागद काळ्या खडूने घासून भरला होता. फक्त वर, बोटभर जागेत, फिकट निळी पट्टी. मी विचारले, ‘‘हे कशाचे चित्र?’’ ती म्हणाली, ‘‘गुरुजी, आमच्या वावरात असंच दिसते.’’ मी कागदावर लाल शाईने शेरा मारला, ‘कागद भरला आहे, चित्र नाही’, आणि पस्तिसाला आणून सोडली.

उन्हाळवाहीनंतर काळ्या जमिनीत उकिडवे बसून समोर पाहा. ढेकळे डोळ्यांच्या पातळीला येतात, काळे रान वर वर चढत जाते आणि आभाळ बोटभर उरते. चाळीस मुलांत पाहून काढलेले चित्र तेवढे एकच होते. ती आईबरोबर वेचायला जात असे, वाकून काम करीत असे, म्हणून तिला जग तेथून दिसत होते. मी उभा राहून, तेही खुर्चीशेजारी उभा राहून, तिला विचारीत होतो, ‘कशाचे?’

दोन वर्षांपूर्वी ती मला बाजारात भेटली. आता तिलाच शाळेत जाणारा मुलगा आहे. मी तिला तो कागद आठवून दिला आणि म्हटले, ‘‘बाई, त्या दिवशी माझी चूक झाली. तुझं चित्र बरोबर होतं.’’ तिला वाटले गुरुजी थट्टा करतात. मग ती हसून म्हणाली, ‘‘मार्क नाही आठवत, गुरुजी. पण त्याच्यानंतर मी डोंगरच काढले.’’

यावर मी काय बोलणार?

आता कोणी म्हणेल, म्हणजे प्रदर्शनात टांगलेले सारेच चांगले मानायचे काय? मुळीच नाही. तिथेही नकला असतात, पोकळ पांडित्य असते, नुसता धक्का देण्याचा आव असतो. नव्या चित्रांतही ‘डोंगर-सूर्य-नारळ’ काढणारे असतात. फरक इतकाच, की त्यांचे डोंगर परदेशातल्या पुस्तकातून आलेले असतात. किमतीवरही जाऊ नये. गायतोंड्यांचे एक चित्र २०१५ साली मुंबईच्या लिलावात २९ कोटींवर गेले. त्यावरून बाजार कळतो, चित्र कळत नाही. माझी कसोटी साधी आहे. घरी आल्यावर आठ दिवसांनी जे चित्र न बोलावता आठवते, ते माझ्यापुरते खरे. बाकीची खोटीच असतील असे नाही, पण ती माझी नव्हेत.

तेव्हा मुंबईला जाणे झाले तर दोन तास काढा. जहांगीरला पैसे पडत नाहीत. आधुनिक कला संग्रहालयाला माफक तिकीट आहे, मात्र सोमवारी ते बंद असते. सगळे पाहू नका. एकदा भरभर फेरी मारा, मग ज्या एका चित्राने मागे वळायला लावले असेल त्याच्यापाशीच परत या. आधी लांबून पाहा, मग जवळून, मग पुन्हा लांबून. चिठ्ठी शेवटी वाचा. आवडले नाही तर ‘आवडले नाही’ असे मोकळेपणी म्हणा, पण दहा मिनिटे दिल्यावर म्हणा. पिशवी आणि वहाणा यांची लाज धरू नका. बाहेर पदपथावर चित्रे मांडून बसणारे चित्रकार असतात, त्यांच्याशीही दोन शब्द बोला. ते आपल्यासारख्यांशी बोलायला फार उत्सुक असतात, हा माझा अनुभव आहे.

आणि मुंबईला जाणे नाहीच झाले, तरी हरकत नाही. प्रदर्शन आपल्या घरीही भरते. संध्याकाळी घरातले पोर वहीचे पान घेऊन पुढे येते आणि आपण काम करता करता म्हणतो, ‘काय काढलंस हे? कशाचं आहे?’ त्या वेळी एक क्षण थांबावे. हातातले काम खाली ठेवावे, त्याच्या उंचीएवढे खाली बसावे, आणि विचारावे, ‘बाळा, हे तू कुठून पाहिलंस?’ मग ते सांगेल. मी विचारले नाही म्हणून मला ते ऐकायला मिळाले नाही.